हिवाळ्यात गाडीने फ्रान्सचा किनारा: नॉर्मंडी आणि ब्रिटनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर ते मार्च या काळात नॉर्मंडी आणि ब्रिटनीच्या किनाऱ्याने स्वतः गाडी चालवत फिरू पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नीस, कान, मार्सेचा दक्षिण किनारा यात घेतलेला नाही. तिकडचा हिवाळा वेगळा आणि समुद्रही वेगळा. तिथे भरती-ओहोटी फारशी जाणवतच नाही, इकडे मात्र सगळा प्रवास तिच्यावरच बेतावा लागतो.

ऐन थंडीत समुद्रावर जाण्यात काय अर्थ आहे?

पोहायचं असेल तर काहीच नाही. पण हा किनारा मुळात कड्यांचा, वाऱ्याचा आणि लाटांचा आहे, आणि ते सगळं हिवाळ्यातच जोरात असतं. एत्रेताच्या पांढऱ्या कड्यांवर उन्हाळ्यात लोकांच्या रांगेतून चालावं लागतं, गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी त्याच पायवाटेवर कुत्र्याला फिरवायला आलेले दोन-चार गावकरी भेटतात, बस.

काही गोष्टी तर या दिवसांतच मिळतात. कार्नाकला हजारो वर्षांपूर्वी ओळीने उभ्या केलेल्या प्रचंड शिळा आहेत. २०२५ मध्ये त्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. उन्हाळ्यात तिथे कुंपणाच्या आत फक्त गाइडबरोबर सोडतात. ऑक्टोबर ते मार्च मात्र बऱ्याच भागात त्या दगडांमधून मोकळेपणी चालता येतं, आणि या एका गोष्टीसाठीही मी हिवाळाच निवडेन. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीची घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्याच्या हिशोबानेच देतात. हिवाळ्यात तीच घरं दोन-तीन रात्रींसाठी आणि बऱ्याच कमी भाड्यात मिळतात.

कोणता महिना चांगला?

मार्च. दिवस मोठा झालेला असतो, बंद हॉटेलं उघडू लागतात आणि विषुवदिनाच्या आसपास वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या येतात. दुसरी पसंती नोव्हेंबरचा मधला काळ. ऑक्टोबरअखेरीस दोन आठवडे शाळांना सुट्टी असते, तेव्हा सँ-मालो गजबजलेलं असतं. फेब्रुवारीतही शाळांना सुट्ट्या असतात, पण त्या विभागवार वेगवेगळ्या आठवड्यांत. जानेवारी सर्वात स्वस्त आणि सर्वात बंद. तो निवडलात तर मुक्काम थोड्या मोठ्या गावांत ठेवा.

किती दिवस लागतात, आणि रस्ता कसा घ्यावा?

आठ ते दहा दिवस हाताशी असतील तर पॅरिसच्या विमानतळावर गाडी घ्या आणि थेट एत्रेता-फेकाँ गाठा. तिथून पाँ द नॉर्मंडी पुलावरून ओनफ्लर. हा १९९५ मधला तिरक्या तारांनी तोललेला पूल दोन किलोमीटरहून लांब आहे आणि सेन नदीच्या मुखावर त्याची कमान अशी चढते की समोर नुसतं आभाळ दिसतं. पुढे बायो शहर आणि आरोमांशचे किनारे, मग मों-सँ-मिशेल हा समुद्रातला मठाचा डोंगर, कांकाल, सँ-मालो, काप फ्रेएल आणि प्लूमानाकचे गुलाबी ग्रॅनाइटचे खडक. परतताना रेन शहरात गाडी सोडून वेगवान रेल्वेने दीड तासात पॅरिस. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे जादा पैसे लागू शकतात, पण शेवटचा अख्खा दिवस महामार्गावर घालवण्यापेक्षा ते परवडतं.

दोन आठवडे असतील तर पश्चिमेच्या टोकाला जा: क्रोझों, प्वँत द्यु रा, मग खाली लोरियाँ आणि कार्नाक. आठ दिवसांत मात्र हे कोंबू नका. नकाशावर अंतरं छोटी दिसतात, पण डिसेंबरअखेरीस ब्रिटनीच्या टोकाला सूर्य सकाळी नऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाच-साडेपाचला मावळतो. दिवसाला दीडशे किलोमीटर खूप झाले.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक खरंच इतकं महत्त्वाचं आहे?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला पाणी साधारण पाच मीटर चढतं-उतरतं. मों-सँ-मिशेलच्या उपसागरात हाच फरक चौदा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे चार मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत येतं आणि पुढच्या सहा तासांत निघून जातं. सकाळी पाहिलेलं बंदर दुपारी चिखलाचं मैदान झालेलं असतं, होड्या कुशीवर पडलेल्या असतात. एकच जागा दोनदा पाहिली नाही तर ती निम्मीच पाहिली असं समजा.

फ्रेंच वेळापत्रकात प्रत्येक भरतीसमोर एक आकडा असतो, २० पासून १२० पर्यंत. त्याला कोएफिसियाँ म्हणतात. चाळीसच्या खाली म्हणजे भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार अगदी कमी, नव्वदच्या वर म्हणजे उधाण, आणि शंभरच्या वर गेला की गावातले लोकही बादल्या-पंजे घेऊन ओहोटीच्या वाळूत शिंपले वेचायला निघतात. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी सगळ्यात मोठा आकडा येतो, तेव्हा घरातलं कालनिर्णय काढून तारखा ठरवल्या तरी चालतं. नेमक्या वेळा मात्र तिथल्या पर्यटन कार्यालयातल्या पत्रकातूनच घ्या. काही छापील तक्ते वर्षभर हिवाळी वेळच देतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्यानंतर अशा तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवावा लागतो.

आता हे वापरायचं कसं? सँ-मालोला मोठ्या उधाणाच्या दिवसांत भरती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास येते आणि खोल ओहोटी दुपारी दोन-तीनला. मार्चमध्ये हे फारच सोयीचं, ऐन थंडीत मात्र सकाळची भरती अंधारातच येते. सकाळी सिल्योंच्या बांधावरून लाटा पाहायच्या. वाळूत पुरलेले ओकचे जाड ओंडके त्यांचा जोर तोडतात, तरीही पाणी भिंतीवरून उसळून रस्त्यावर पडतं. दुपारी तोच समुद्र आत हटतो, ग्राँ बे बेटाकडे जाणारी दगडी वाट उघडी पडते आणि चालत बेटावर जाता येतं. वाट पुन्हा बुडायच्या वेळेकडे लक्ष ठेवा. बेटावर अडकलात तर पाणी उतरेपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नाही, आणि हिवाळ्यात ते सहा तास सोपे नसतात.

मों-सँ-मिशेलला रात्री राहावं का?

जमत असेल तर एक रात्र राहाच. गाडी अडीच किलोमीटर आधी लावावी लागते, तिथून मोफत बस जाते किंवा चालत जाता येतं. २०१४ मध्ये जुना भरावाचा रस्ता काढून खांबांवरचा पूल बांधला, त्यामुळे पाणी पुन्हा डोंगराच्या भोवती फिरू लागलं. कोएफिसियाँ ११० च्या वर असेल तर पुलाचं टोकही पाण्याखाली जातं आणि थोड्या वेळापुरतं ते खरंखुरं बेट होतं. ते पाहायचं तर भरतीच्या वेळेच्या दोन तास आधीच तटावर जाऊन उभं राहा, कारण पाणी आधी लांबून सपाट पसरत येतं आणि खरी गंमत तीच आहे.

वाळूत स्वतःच्या भरवशावर उतरू नका. तिथे रुतणारी वाळू आहे आणि धुकं मिनिटांत पडतं. परवानाधारक गाइड बारमाही असतात, हिवाळ्यात आधी ठरवावं लागतं. मठ १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद असतो.

६ जून १९४४ चे किनारे हिवाळ्यात पाहता येतात का?

त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या फौजा जर्मनांविरुद्ध ज्या किनाऱ्यांवर उतरल्या, ते पाहता येतात, आणि तिथेही ओहोटी गाठा. त्या दिवशीची वेळसुद्धा पाणी पाहूनच ठरली होती. ओहोटी सरून पाणी चढायला लागतं तेव्हा जर्मनांनी वाळूत रोवलेले अडथळे उघडे दिसतात, आणि सैनिक उतरवून झालेल्या होड्या चढत्या पाण्यावर परत निघू शकतात. त्यातल्या ओमाहा किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीत उभं राहून पाण्यापासून टेकडीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजा. एवढी उघडी वाळू ओलांडताना काय झालं असेल ते कोणत्याही संग्रहालयापेक्षा तिथे जास्त कळतं. आरोमांशला दोस्त राष्ट्रांनी तरंगत आणून उभारलेल्या बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून आहेत, ओहोटीत काहींच्या अगदी जवळ जाता येतं. कोलव्हीलच्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांवर कबरी आहेत. प्रवेश मोफत, २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. छोटी संग्रहालयं बरीचशी जानेवारीत बंद असतात. बायोच्या प्रसिद्ध भरतकामाचं संग्रहालयही नूतनीकरणासाठी सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे.

भारतीय लायसन्सवर गाडी मिळते का?

मिळते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो, आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ नाही. अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. तिकडे गिअरची गाडी ही नेहमीची. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा आणि जास्त पैसे मोजा. उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकायची सवय पहिल्या दिवशीच लावण्यापेक्षा ते बरं.

तिकडच्या रस्त्यांवर आपल्याला कोणता नियम चकवतो?

उजवीकडच्याला प्राधान्य. गावात एखाद्या बोळातून उजवीकडून गाडी आली आणि तिथे कसलीच खूण नसेल, तर तिला आधी जाऊ द्यायचं, तुमचा रस्ता कितीही मोठा असो. आपल्या सवयीच्या हे अगदी विरुद्ध आहे. पांढऱ्या कडेची, हिऱ्याच्या आकाराची पिवळी पाटी दिसली की प्राधान्य तुमचं, तीच पाटी काळ्या रेघेने काटली असेल तर ते संपलं. चौक गोल असेल तर आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्या.

वेगाचं म्हणाल तर लाल कडेची गावाच्या नावाची पाटी लागली की ५०, वेगळी पाटी नसली तरी. साध्या दुपदरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ८०. महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०, आणि हिवाळ्यात पाऊस असतोच. कॅमेरे भरपूर आहेत. दंड गाडी भाड्याने देणाऱ्यामार्फत, वर त्याचा आकार लागून, भारतात घरी येतो.

टोल कसा भरायचा?

पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या ए-१३ वर आता टोलनाकेच नाहीत. कमानीवरचे कॅमेरे नंबर टिपतात आणि पैसे ७२ तासांच्या आत तुम्ही स्वतः भरायचे असतात, टोल कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून. कुणी अडवत नाही, त्यामुळे फुकट आहे असं वाटून अनेकजण विसरतात आणि मग दंड येतो. त्याच रात्री मुक्कामाला पोचल्यावर भरून टाका. काँ शहराहून रेनकडे जाणारा ए-८४ मोफत आहे, आणि ब्रिटनीत टोलचे महामार्ग नाहीतच.

पेट्रोल?

सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त, महामार्गावर महाग. गाझोल म्हणजे डिझेल, ते पेट्रोल समजू नका. पेट्रोल म्हणजे एसपी ९५ किंवा ९८. रविवारी आणि रात्री पंपावर माणूस नसतो, कार्ड आणि पिन लागतो, आणि यंत्र आधी शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं. काही भारतीय कार्डं ते यंत्र घेतच नाही. म्हणून टाकी निम्मी झाली की माणूस असलेल्या पंपावर भरून घ्या.

हवा किती वाईट असते?

थंडी आपल्याला वाटते तेवढी नसते. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पारा बहुतेक दिवस पाच ते दहा-अकरा अंशांत असतो, बर्फ क्वचितच. खरा त्रास वाऱ्याचा. पाऊस आडवा येतो, छत्री पहिल्याच दिवशी उलटते. चांगलं जलरोधक जाकीट, त्याच्यावर टोपी आणि पकड असलेले बूट यावर पैसे खर्च करा, जाड कोटावर नको. आकाश दिवसातून चारदा बदलतं, त्यामुळे सकाळी पाऊस पाहून दिवस रद्द करू नका.

वादळाचं मात्र गांभीर्याने घ्या. मेतेओ-फ्रान्स ही तिथली हवामान संस्था रोज हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा देते, आणि लाटा आत शिरण्याचा इशारा वेगळा असतो. नारिंगी असेल तर कड्यांवर आणि धक्क्यांवर जायचं नाही. मोठी भरती आणि वादळ एकत्र आलं की सँ-मालोच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर लाटांबरोबर वाळू आणि दगड येतात. तिथे रात्रभर गाडी ठेवू नका. एत्रेताला पायथ्याशी कड्याला चिकटून उभं राहू नका, कड्याचा खडूचा दगड सुटून कोसळतो आणि पावसानंतर जास्तच. तिथले गोटे उचलून आणायलाही बंदी आहे, तेच किनाऱ्याला राखतात.

हॉटेलं, रेस्टॉरंटं सगळी बंद असतात म्हणे?

सगळी नाही, पण दारावर वार्षिक सुट्टीची चिठ्ठी बऱ्याच ठिकाणी दिसते, विशेषतः जानेवारीत. रविवार संध्याकाळ आणि सोमवार सर्वात कठीण. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. अडीच वाजता भूक लागली तर बेकरीशिवाय काही मिळायचं नाही. म्हणून रविवारी सकाळीच सुपरमार्केटमधून सामान भरून ठेवा, दुपारनंतर बरीचशी बंद होतात. आणि शक्यतो स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. बाहेर वारा घोंघावत असताना आपल्या हातची खिचडी मिळणं ही चैन नाही, सोय आहे.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

ब्रिटनीत बरं चालतं. तिथला गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचा, घावनासारखा पातळ आणि कडेला कुरकुरीत. नेहमीच्या गालेतमध्ये हॅम घालतात, तेव्हा 'सां झांबों' म्हणजे हॅमशिवाय असं स्पष्ट सांगा आणि चीज, मशरूम, हवं तर अंडं मागा. तव्याला काही ठिकाणी डुकराची चरबी लावतात. कडक पाळत असाल तर लोणी लावायला सांगा, ते आनंदाने लावतात. चीजमध्ये दूध घट्ट करायला बहुधा प्राणिज रेनेट वापरलेलं असतं हेही लक्षात ठेवा. सिडर सफरचंदाचं असलं तरी त्यात अल्कोहोल असतं, मुलांना देऊ नका.

मासे खाणाऱ्यांसाठी हा मोसम सोन्याचा. कोकीय सँ-जाक या मोठ्या शिंपल्यांची मासेमारी कायद्याने १ ऑक्टोबर ते १५ मे एवढीच चालते. आणि कांकालच्या धक्क्यावर, दीपगृहाच्या पायथ्याशी, कालवांच्या टपऱ्या असतात. आकारानुसार नंबर असतात, आकडा जितका लहान तितकं कालव मोठं. बाई तुमच्यासमोर सुरी घालून डझनभर उघडते, ताटलीत लिंबू ठेवते. ती ताटली घेऊन पायऱ्यांवर बसायचं, समोर ओहोटीत कालवांची शेतं उघडी पडलेली असतात, आणि रिकामे शिंपले सरळ खाली किनाऱ्यावर टाकायचे. तिथे तीच रीत आहे.

घरून काय नेता येतं?

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको. कढीपत्ता आणि आंबेही नको. तेलातल्या पुऱ्या, चिवडा, बाकरवडी, मेतकूट, भाजणी, मसाले चालतात. तूप संपल्याचं दुःख ब्रिटनीचं मीठ घातलेलं लोणी भरून काढतं, हे मी मनापासून सांगतो.

व्हिसा?

नेहमीचा शेंगेन व्हिसा. मोठ्यांना ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, विमानतळावर थोडा जास्त वेळ धरा.

कॅम्परव्हॅन घ्यावी का?

हिवाळ्यात मी नाही म्हणेन. बहुतेक नगरपालिकांचे तळ ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल बंद असतात, गोठण्याच्या भीतीने पाण्याचे नळ बंद ठेवतात आणि समुद्राकाठच्या पार्किंगला उंचीची आडवी दांडी असते. संध्याकाळी सहापर्यंत अंधार पडल्यावर चौदा-पंधरा तास त्या पेटीत काढावे लागतात.

या किनाऱ्यावर भारताशी जोडलेलं काही आहे का?

लोरियाँ. १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिच्या जहाजांसाठी १६६६ मध्ये हे बंदर वसवलं. समोरच्या पोर-लुईच्या किल्ल्यात कंपनीचं संग्रहालय आहे, त्यात भारतातून गेलेलं छापील सुती कापड पाहण्यासारखं आहे. जाण्याआधी हिवाळी वेळा तपासा.

राँस नदीवरचं वीजकेंद्र भारताशी जोडलेलं नाही, पण कोकणातल्या कुणीही ते चुकवू नये. १९६६ पासून भरती-ओहोटीच्या पाण्यावर तिथे २४० मेगावॉटची यंत्रं फिरताहेत, आणि सँ-मालोहून दिनारला जाणारा रस्ता त्या बंधाऱ्यावरूनच जातो.

आई-बाबांना बरोबर नेता येईल का?

येईल. मों-सँ-मिशेलच्या मठापर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दगड ओला असेल तर निसरडा. गुडघे दुखत असतील तर त्यांनी खालच्या तटावरून पाणी पाहावं, ते दृश्य वरच्यापेक्षा कमी नाही. काप फ्रेएलला गाडी दीपगृहाच्या जवळपर्यंत जाते, प्लूमानाकची पायवाटही फारशी चढाची नाही. दिवसभरात एकच ठिकाण ठेवा, दुपारी जेवून विश्रांती, आणि ओहोटी-भरतीपैकी जी उजेडात येते तेवढ्यासाठी बाहेर पडा. रोज मुक्काम बदलू नका. सँ-मालोला तीन रात्री काढून कांकाल, दिनार, काप फ्रेएल तिथूनच करता येतं. मदतीसाठी ११२ हा नंबर सगळीकडे चालतो, समुद्रात किंवा किनाऱ्यावर कुणी अडकलं असेल तर १९६.